'चालेल' म्हणजे गोड नव्हे

प्रश्न : भाच्याने मोबाइलवर 'जोकर' हा इंग्रजी सिनेमा दाखवला. मला आवडला. तो म्हणतो, समीक्षकांनी याला धड ७० टक्केही दिले नाहीत. मग व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवाचं बक्षीस कसं मिळालं? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : अहो, ते टक्के म्हणजे मार्क नव्हेत. ते देणारं 'रॉटन टोमॅटोज' हे संकेतस्थळ फक्त किती समीक्षकांचा कौल बरा पडला, एवढंच मोजतं. आमच्या देवगडात दहा गिऱ्हाइकांनी आंब्याची पेटी उघडून 'चालेल' म्हटलं, की झाले १०० टक्के. आंबा गोड आहे असं एकानेही म्हटलेलं नसतं! उलट सात जण खुळावले नि तिघांनी पेटी परत केली, तर ७०.

'जोकर'चं तसंच झालं. २०१९ साली व्हेनिसला सुवर्णसिंह, म्हणजे तिथलं सर्वोच्च बक्षीस, पुढे ऑस्करची ११ नामांकनं, त्यांतली अभिनयाची आणि संगीताची बाहुली हातात. दुसरीकडे बऱ्याच अमेरिकी समीक्षकांना तो हिंसेला गोंजारणारा वाटला. मलाही मधला भाग रेंगाळलेला वाटतो. पण जिन्यावरचा तो नाच? लाइट जाईपर्यंत तीनदा मागे नेऊन पाहिला.

आणि भाच्याला स्वतःला कसा वाटला, ते तुम्ही लिहिलंच नाहीत.