सर्व्हर हलवण्याआधी

प्रिय,

प्रोजेक्टचा सर्व्हर बदलायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय आणि 'एका रात्रीत उरकेल' असं तुला वाटतंय. फायली जातील एका रात्रीत. घोळ होतो तो फायलींबरोबर न जाणाऱ्या गोष्टींचा.

डीएनएसचं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचं, काम आजच कर. रेकॉर्डचा टीटीएल (नोंद साठवून ठेवायची मुदत) 86400 सेकंद असेल, तर रिझॉल्व्हर, म्हणजे पत्ता शोधून देणारे सर्व्हर, जुना पत्ता दिवसभर धरून बसतात. तो 300 कर, पण हलवण्याच्या किमान एक दिवस आधी. ऐनवेळी कमी करून उपयोग नाही, कारण साठवलेली नोंद आधीच्याच मुदतीची असते. ए रेकॉर्ड (आयपीव्ही4 पत्ता) बदललास की क्वाड-ए (आयपीव्ही6 पत्ता) सुद्धा बदल. तो जुन्या आयपीव्ही6 पत्त्यावर राहिला, तर काहींना साइट दिसते, काहींना नाही, आणि तुझ्याकडे नेमकी दिसत असते.

फायली नेणारा आरसिंक दोनदा चालव. पहिली फेरी सेवा चालू असताना, लागू देत कितीही तास. दुसरी सेवा थांबवून. तिला फक्त फरक न्यायचा असतो. या दुसऱ्या फेरीत डिलीटचा पर्याय (जुन्याकडे नसलेलं नव्याकडून पुसणारा) हवाच, नाहीतर मधल्या काळात काढून टाकलेल्या गिटच्या (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या) शाखा नव्या सर्व्हरवर पुन्हा उगवतात. मात्र कुठून-कुठे यात उलटापालट झाली, तर तोच पर्याय जुना सर्व्हर पुसून काढेल. म्हणून आधी ड्राय-रन (काहीही न बदलता नुसती चाचणी), आणि त्याचा आउटपुट खरंच वाच. 'गिट' हा युजर नव्या मशीनवर आधी तयार कर. रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालवलं की आरसिंक मालकी नावावरून जुळवतो. नाव सापडलं नाही तर नुसता जुना आकडा ठेवतो, आणि तो आकडा तिथे भलत्याचाच असू शकतो. गिट 2.35.2 पासून मालक भलताच असलेल्या रिपॉझिटरीला (कोडच्या साठ्याला) हात लावायला सरळ नकार देतं.

डेटाबेसकडे जास्त लक्ष दे. पोस्टग्रेस या डेटाबेसची डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलायचा मोह होईल. जुनं मशीन डेबियन लिनक्स 9 आणि नवं 12 असेल तर तो आवर. मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) 2.28 आलं आणि अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले. मजकुरावरचे इंडेक्स (शोधासाठीच्या सूच्या) जुन्या क्रमात राहतात, पोस्टग्रेसची आवृत्ती तीच असेल तर डेटाबेस मात्र विनातक्रार सुरू होतो. मग असलेला युजर शोधून सापडत नाही आणि युनिक कॉलममध्ये तेच नाव दुसऱ्यांदा घुसतं. डंप (सगळ्या डेटाची लिखित प्रत) काढून रिस्टोअर केलंस की इंडेक्स नव्याने बांधले जातात. डंप काढणारा पीजी-डंप नव्या आवृत्तीचा वापर. गिटलॅब या कोड-होस्टिंग सेवेचं 31 जानेवारी 2017 चं प्रकरण आठव: डेटाबेस 9.6 चा, पीजी-डंप 9.2 चा, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता, आणि ते सांगणारे ईमेलही पोचत नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. म्हणून रिस्टोअरची रंगीत तालीम आठवडाभर आधी नव्या मशीनवर कर आणि घड्याळ लाव. सेवा किती वेळ बंद राहील हा आकडा तिथूनच मिळतो.

एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनच्या) होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या, सोबत ने. नाहीतर प्रत्येक योगदानकर्त्याला 'ओळख बदलली' असा इशारा दिसेल आणि सीआयचे (कोडच्या आपोआप चाचण्यांचे) जॉब तिथेच थांबतील. सर्व्हरवर गिटलॅबच बसवलं असेल तर त्याची सीक्रेट्सची जेसन फाइल नेहमीच्या बॅकअपमध्ये येत नाही. ती वेगळी उचल. ती राहिली तर टू-फॅक्टर आणि सीआयचे व्हेरिएबल्स उलगडतच नाहीत.

मेल स्वतःच्या सर्व्हरवरून जात असेल, तर पोर्ट 25 (मेल पाठवायचं दार) उघडायची विनंती होस्टिंगवाल्याकडे आधीच टाकून ठेव. बरेच जण ते बंदच ठेवतात. पीटीआर रेकॉर्ड (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) तेच लावतात आणि एसपीएफमधला (कोणत्या सर्व्हरने मेल पाठवायचा ते सांगणाऱ्या नोंदीतला) पत्ता तू बदलायचा.

जुना सर्व्हर लगेच बंद करू नकोस. दोन आठवडे त्याच्यावर फक्त एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेव, तो येणारी विनंती नव्याकडे ढकलत राहील. पण क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आधी थांबव, नाहीतर दोन्हीकडून तेच मेल जातील. लॉगमध्ये बॉटच उरले की मशीन परत कर.

तुझ्या क्रॉनटॅबची यादी आधी मला पाठव. रूटची आणि बाकीच्या युजरांचीही.