मनीऑर्डर जायची ते घर

"मॅडम, मुलगा वेगळा झाला. मोडलं हो आमचं घर."

ठाण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्याशा खोलीत हे वाक्य सारखं ऐकू येतं. मुलाने घोडबंदरला, नाहीतर ऐरोली-खारघरला फ्लॅट घेतलेला असतो आणि आई समोर बसून रुमालाच्या घड्या घालत असते. त्यातल्याच एका काकूंची ही हकिगत. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वय साठीच्या पुढे, सासर-माहेर दोन्ही रत्नागिरीकडचं. पहिल्या दोन भेटी सुनेच्या तक्रारीतच गेल्या. मी अडवलं नाही. पहिली फिर्याद सहसा खरी नसते, हे आता अंगवळणी पडलंय.

तिसऱ्या भेटीत म्हणाल्या, "आमचं एकत्र कुटुंब. कधी कोणी वेगळं निघालं नाही."

"लग्नानंतर राहिलात कुठे?"

"इथेच, किसननगरला. हे वागळे इस्टेटला कामाला होते ना."

"आणि सासू-सासरे?"

"गावी."

"म्हणजे चूल वेगळीच होती की."

काकू चिडल्या. "वेगळी कशी? दर महिन्याला मनीऑर्डर जायची! गणपतीला, शिमग्याला आम्ही गावी. दिरांची मुलगी आमच्याकडे राहून बारावी झाली. दहा बाय बाराच्या खोलीत!"

बोलता बोलता थांबल्या. मग हळूच, "तसं बघितलं तर... वेगळेच राहिलो आम्ही."

अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायचं असतं. मी बसले, आणि त्याचं मला अजून बरं वाटतं.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये एकत्र कुटुंबाची व्याख्या मांडली, तीत एक छप्पर आणि एका चुलीवरचं अन्न होतं, सामाईक मालमत्ता आणि पूजाअर्चाही होती. पुढे समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुव्यातली कुटुंबं अभ्यासली आणि वेगळ्या चुली असूनही देण्याघेण्याने, हक्क-कर्तव्यांनी बांधलेल्या घरांकडे लक्ष वेधलं. मी देसाईंच्या बाजूची. चाकरमान्यांची कोकणी घरं तर कित्येक पिढ्या दोन जागी नांदत आली. आपण मात्र खोलीतली माणसं मोजतो आणि कुटुंब संपलं म्हणून रडतो.

खरी फिर्याद त्यानंतर बाहेर आली. "फ्लॅटचं टोकन भरल्यावर सांगितलं मला. आधी विचारलं नाही."

हे दुःख खरं होतं, आणि ते सुनेमुळे नव्हतंच. पुढच्या भेटीला मुलगा-सून दोघांना बोलावलं. अशा वेळी मी सगळ्यांनाच सांगते: गृहीत धरू नका, बोलून ठरवा. दवाखान्याला कोण नेणार, गावच्या घराचा खर्च कोण बघणार, गणपतीची रजा कोण टाकणार? आणि आईला नातवासाठी बोलावणार असाल तर आधी तिला सवड आहे का ते विचारा. आजी म्हणजे फुकटचं पाळणाघर नव्हे.

सगळं जुळलं, अडलं ते किल्लीवर. काकूंना खारघरच्या फ्लॅटची किल्ली हवी होती. सून शांतपणे म्हणाली, "किल्ली घ्या आई, पण येताना एक फोन करा."

काकूंचा चेहरा उतरला. मी विचारलं, "सासरे किसननगरला यायचे, ते कसे?"

काकूंना हसू आलं. "आधी पोस्टकार्ड टाकायचे. मगच एसटीत बसायचे."