टाकीच्या काचेवरचे पांढरे धागे आणि झटके देत पळणारे ठिपके

प्रश्न: माझी दोन फुटी श्रिम्पची टाकी आहे, मासे नाहीत, थोड्या गोगलगायी आहेत. नवीन झाडं लावल्यावर काही आठवड्यांनी काचेवर बारीक पांढरे धागे चिकटलेले दिसायला लागले, आणि पाण्यात ठिपके झटके देत पळतात. दुकानदार म्हणाला सायक्लॉप्स. सासूबाई म्हणतात त्यानंच नारू व्हायचा, टाकी फेकून दे. औषध टाकू का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: आधी औषध बाजूला ठेवा. सायक्लॉप्स म्हणजे पाण्यातला ठिपक्याएवढा कवचधारी जीव. सासूबाईंचं म्हणणं उगाच नाहीये, नारू सायक्लॉप्समधूनच यायचा, पण त्यासाठी पाण्यात आधी नारूच्या जंताची पिल्लं लागतात. नारू झालेला माणूस पायविहिरीत उतरला की जखमेतून ती पाण्यात पडायची, सायक्लॉप्स ती खायचा, आणि ते पाणी कुणी न गाळता प्यायलं की साधारण वर्षभरानं त्याच्या पायातून जंत बाहेर. भारतातली शेवटची केस १९९६ ची, राजस्थानातली, आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त जाहीर केला. तुमच्या टाकीतला सायक्लॉप्स शेवाळ आणि बारीकसारीक जीव खाऊन जगतोय, त्याला घाबरू नका. भिंग लावून बघा, डोक्यावर एकच डोळा असतो, आणि मादी असेल तर शेपटीजवळ दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या लटकलेल्या दिसतील.

आता धागे. ते एका टोकानं चिकटलेत आणि दुसऱ्या टोकाला बारीक हात पसरलेत, काचेवर टिचकी मारली की आखडून गोळा होतात, असं असेल तर तो हायड्रा, गोड्या पाण्यातला एक बारीक प्राणी, बहुतेक झाडांबरोबर आलाय. याच्यावर खरंच वेळ घालवा. खायला भरपूर मिळालं की याच्या अंगाला बाजूनं कोंब फुटतो, कोंबाला हात येतात, काही दिवसांत तो सुटून वेगळा होतो, हे सगळं घरात बसून बघता येतं हो! १७४० मध्ये हेगजवळ अब्राहम ट्रेंब्ले नावाच्या शिक्षकानं, हे झाड आहे की प्राणी ते ठरवायला हायड्रा कापला तर दोन्ही तुकड्यांचे पूर्ण हायड्रा तयार झाले, म्हणून काचेवर चिरडून तो संपत नाही.

रोज नका बघू, आठवड्यातून एकदा बघा, पण काचेचा तोच तुकडा आणि तीच वेळ, रात्री लाईट बंद करून मोबाईलचा टॉर्च बाजूनं मारा, मागे काळा कागद लावा, दहा पटीचं भिंग पुरतं. वहीत तारीख, किती दिसले आणि त्या आठवड्यात किती खाणं टाकलं ते लिहा. खाणं जास्त पडलं की आधी बॅक्टेरिया वाढतात, मग त्यांना खाणारे सूक्ष्म जीव, मग सायक्लॉप्स, आणि सायक्लॉप्सवर हायड्रा, त्यामुळे खाणं कमी केलं की काही आठवड्यांत आकडे आपोआप उतरताना तुमच्याच वहीत दिसतील.

हायड्रा फारच झाले आणि श्रिम्पची अगदी नवी पिल्लं दिसेनाशी व्हायला लागली तरच औषधाचा विचार करा, कारण दंश करणाऱ्या पेशींनी तो पिल्लं पकडू शकतो. फेनबेंडाझोल (जनावरांना देतात ते जंतांचं औषध) चालतं, पण गोगलगायी, त्यातही नेराइट, आधी दुसऱ्या भांड्यात काढा, आणि नंतर मेलेल्या जीवांमुळे अमोनिया वाढतो म्हणून पाणी थोडं थोडं बदलत राहा.