इंग्लंडमधल्या बोर्नमथ या फुटबॉल क्लबच्या मैदानात जेमतेम 11 हजार लोक मावतात, मग या क्लबकडे एवढा पैसा येतो कुठून?

सांगलीच्या विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर आमचे मँचेस्टर युनायटेडवाले मित्र हाच टोमणा मारतात. पण हा क्लब तिकिटांच्या गल्ल्यावर चालतच नाही. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, ब्रिटनमधल्या टीव्ही हक्कांच्या पैशातला निम्मा हिस्सा वीसही क्लबांना सारखा मिळतो. बाकीचे वाटे धरून तळाच्या संघालाही हंगामाला 10 कोटी पौंडांच्या आसपास रक्कम पडते.

दुसरी कमाई खेळाडू विकून. डीन हुइसेनला 2024 मध्ये युव्हेंटसकडून घेतलं आणि पुढच्याच वर्षी रेआल माद्रिदला 5 कोटी पौंडांना दिलं. केरकेझ लिव्हरपूलला गेला, झाबार्नी पॅरिसला. शिवाय 2022 पासून बिल फोली हा अमेरिकन मालक पाठीशी आहेच.

प्रेक्षकांचं म्हणाल, तर ते शहरच आपल्या सांगली-मिरज-कुपवाडपेक्षा लहान. आहेत तेवढ्या खुर्च्या भरतात. उलट कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींच्या संघांची फुटबॉल मॅच असली की पाय ठेवायला जागा नसते, पण टीव्हीचा असा पैसा तिथे कुठला?

हिणवायचंच असेल तर मुद्दा वेगळा घ्या: संघ खालच्या लीगमध्ये घसरला, की पॅराशूटचे पैसे, म्हणजे घसरलेल्या क्लबला लीगकडून मिळणारा आधार, थोडीच वर्षं मिळतात. नंतरचा खड्डा 11 हजार तिकिटांनी भरत नाही.