प्रश्न वाचकांचे : घडीच्या गाडीवरून वाद्यांची ने-आण

प्रश्न : आम्ही चौघे जण सुगम संगीताचे आणि भक्तिगीतांचे कार्यक्रम करतो. मी पेटी आणि कीबोर्ड वाजवतो आणि सगळे सामान माझ्याच घरी, सदाशिव पेठेतल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असते. पेटी, 61 पट्ट्यांचा कीबोर्ड, त्याचा स्टँड, 12 इंची दोन स्पीकर, लहान मिक्सर आणि केबलची पिशवी एवढा पसारा दर वेळी हलवावा लागतो. पन्नाशी उलटल्यापासून कंबर साथ देत नाही. बाजारात घडीच्या गाड्या दोन प्रकारच्या दिसतात : एक कापडी, चार चाकांची, 80 किलो पेलते असे लिहिलेली, दुसरी सपाट फळीची, ढकलायच्या दांडीची. कोणती घ्यावी? आणि हादऱ्यांनी पेटीला काही होईल का?
– एक वादक, सदाशिव पेठ

उत्तर : गाडी अवश्य घ्या, कंबर एकदा कायमची दुखावली तर मांडी घालून पेटीवर बसणेही अवघड होते. मात्र खरेदीला जाण्यापूर्वी दोन कामे करा. सामानाचे वजन करा, आणि घराच्या दारापासून रंगमंचापर्यंतची वाट एकदा रिकाम्या हाताने चालून पाहा.

वजन करणे सोपे आहे. घरच्या वजनकाट्यावर एकदा मोकळ्या हाताने आणि एकदा वस्तू घेऊन उभे राहिले की वजाबाकीने उत्तर मिळते. तुमच्या यादीवरून माझा अंदाज असा की पेटी 10 किलो, पिशवीसह कीबोर्ड 7, स्टँड 4, दोन स्पीकर मिळून 30, मिक्सर 4 आणि केबलची पिशवी 7, म्हणजे एकूण 62 किलोंच्या आसपास. तुमची पेटी स्केलचेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी, असेल तर आणखी पाच-सहा किलो धरा. आता 80 किलो पेलणाऱ्या गाडीत 62 किलो सहज मावतील असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु तो आकडा सपाट जमिनीवर, सगळीकडे सारख्या पसरलेल्या वजनाचा असतो. चाक खड्ड्यात आपटते त्या क्षणी सांगाड्यावर आणि आसावर येणारा भार कितीतरी वाढतो. मी स्वतः लिहिलेल्या आकड्याच्या निम्म्यावर थांबतो. तुमच्या बाबतीत याचा अर्थ दोन फेऱ्या असा होतो : पहिल्या फेरीत स्पीकर आणि केबल, दुसऱ्या फेरीत पेटी, कीबोर्ड, स्टँड आणि मिक्सर. ही विभागणी वाद्यांच्याही हिताची आहे, कारण स्पीकर आणि पेटी एकाच गाडीत शेजारी ठेवण्याची वेळच येत नाही.

वाट पाहायची ती चाकांसाठी. गाडीच्या जाहिरातीत वजनाचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि चाकांविषयी फारसे काही लिहिलेले नसते, पण पुण्यात गाडी टिकते की मोडते हे चाकच ठरवते. पेठांतल्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉकचे सांधे असतात, चेंबरची वर-खाली बसलेली झाकणे असतात, आणि गतिरोधकांबद्दल तर पुणेकरांना वेगळे सांगायला नको. चाक जितके मोठे तितका त्याला खाचेचा त्रास कमी. येथे एक साधा नियम लक्षात ठेवा : जमिनीला समांतर कितीही जोर लावून ओढले, तरी चाकाच्या त्रिज्येएवढी किंवा तिच्याहून उंच पायरी चाक चढू शकत नाही. सपाट फळीच्या ट्रॉलीला पुष्कळदा चार इंची चाके असतात. त्यांची त्रिज्या सुमारे 5 सेंटीमीटर, म्हणजे जुन्या घराचा उंबराही त्यांना भारी. फूटपाथची कड साधारण 15 सेंटीमीटर असते आणि ती तर कापडी गाडीच्या मोठ्या चाकांनाही चढत नाही. तेथे दोघांनी दोन बाजूंनी उचलणे किंवा जाड फळीचा उतार करणे, हेच मार्ग आहेत.

चाकांच्या रुंदीचाही विचार करा. तुम्ही भक्तिगीते करता, त्यामुळे दिवाळी पहाटेचे कार्यक्रम बागेत किंवा सोसायटीच्या हिरवळीवर होत असणार. दवाने भिजलेल्या मातीत अरुंद चाक रुतते आणि गाडी ओढण्याऐवजी नांगर ओढल्यासारखे होते. हवेची चाके हादरे सर्वांत चांगले शोषतात, परंतु पंक्चर होतात आणि कार्यक्रमाच्या दिवशी पंपाची आठवण होते. भरीव, पण बाहेरून मऊ रबराची रुंद चाके मला सर्वांत भरवशाची वाटतात. कडक प्लॅस्टिकची चाके हात लावूनच ओळखता येतात; नखाने दाबून पाहा, जराही दबत नसतील तर प्रत्येक सांध्याचा खडखडाट थेट वाद्यापर्यंत जाणार हे धरून चाला.

पेटीला हादऱ्यांनी काय होते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी दिवाळी पहाटेच्या एका कार्यक्रमासाठी मी अंधारातच घडीची गाडी ओढत निघालो होतो. पुढचे चाक चेंबरच्या झाकणाच्या फटीत अडकले आणि गाडी जागच्या जागी थांबली. पेटी लवचिक, ताणल्या जाणाऱ्या दोराने बांधलेली होती. धक्क्याने ती पुढे सरकली, दोर ताणला गेला, आणि दोर आखडताच ती मागे येऊन स्पीकरच्या कोपऱ्यावर आपटली. खोक्यावर ओरखडासुद्धा नव्हता. मंडपात पोहोचून भाता हलवला, तर एकाही पट्टीला बोट न लावता मध्य सप्तकातला कोमल निषाद वाजू लागला. त्या पट्टीची स्प्रिंग जागेवरून सरकली होती, त्यामुळे झडप पुरती मिटत नव्हती. सोबतच्या तबलजींनी टॉर्च धरला, मी वरचे झाकण काढून चिमट्याने स्प्रिंग बसवली, आणि भूपाळीला उशीर झाला. श्रोते थंडीत शांतपणे बसून होते, याचे आजही वाईट वाटते.

तेव्हापासून मी लवचिक दोर फक्त पिशव्या आवरण्यासाठी वापरतो. वाद्यासाठी न ताणला जाणारा, बकल असलेला रुंद पट्टा हवा, आणि तो वस्तूवरून घेऊन गाडीच्या सांगाड्याला बांधला पाहिजे. केवळ कापडाच्या कडीला बांधलेला पट्टा काही कामाचा नाही. पट्टा इतकाच आवळा की वस्तू हलणार नाही. पेटीच्या भात्याची कडी लावलेली आहे ना, हे बांधण्यापूर्वी हात लावून पाहा, कारण रस्त्यात भाता उघडला तर त्याच्या घड्यांना पट्ट्याचा दाब सोसत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या रस्त्यांसाठी कापडी चार चाकी गाडीच बरी, पण आहे तशी वापरू नका. तिचा तळ कापडाचा असतो, तो वजनाने मधोमध झोळीसारखा खाली जातो आणि कडेच्या सगळ्या वस्तू एकमेकींवर कलतात. तळाच्या मापाची 9 मिलिमीटर जाडीची प्लायची फळी कापून घ्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये असे तुकडे मापाने कापून मिळतात. साधारण 90 बाय 50 सेंटीमीटरच्या फळीचे वजन अडीच किलोंच्या घरात जाते. तिच्यावर दाट फोमचा थर चिकटवा; उशीचा मऊ स्पंज नको, तो पेटीखाली चेपून पापुद्र्यासारखा होतो. स्पीकर तळाशी आणि आसांच्या मधल्या भागात ठेवा. कीबोर्ड आडवा टाकून त्याच्यावर काहीही ठेवू नका. तो लांबीच्या कडेवर उभा करून, पट्ट्यांची बाजू आतल्या फोमकडे ठेवून बांधलेला चांगला. बहुतेक कापडी गाड्यांची पुढची चाके फिरती असतात, आणि अगदी काटकोनात वळवताना गाडीचा आधार अरुंद होऊन ती कलंडते. जड वस्तू वर असतील तर हा धोका दुप्पट होतो, म्हणून वळण मोठे घ्या.

सपाट फळीची ट्रॉली वाईट नाही. सभागृहाची गुळगुळीत फरशी, लिफ्ट, मॉलमधले कार्यक्रम, कंपन्यांची स्नेहसंमेलने अशा ठिकाणी ती कापडी गाडीपेक्षा सोयीची पडते, कारण दांडीची बाजू सोडून सामान तिन्ही बाजूंनी चढवता-उतरवता येते आणि ढकलताना डोळ्यांसमोर राहते. तुमचे निम्म्याहून अधिक कार्यक्रम अशा जागी असतील तर तीच घ्या, फक्त चाके पाच इंचांहून लहान नकोत. परदेशी वादकांत लांबी वाढवता येणाऱ्या आणि उभ्या-आडव्या अशा अनेक प्रकारे वापरता येणाऱ्या गाड्या लोकप्रिय आहेत. त्या उत्तम असल्या तरी चौघांच्या मंडळासाठी तेवढा खर्च मला आवश्यक वाटत नाही.

जिन्याला मात्र यांतली एकही गाडी उपयोगाची नाही. तीन-तीन चाकांचे झुबके असलेली जिना चढणारी ट्रॉली मिळते, पण प्रत्येक पायरीवर ती आपटतेच, त्यामुळे तिच्यावर स्पीकर ठेवावा, पेटी नको. तुमच्या दोन मजल्यांसाठी माझी सूचना अशी की प्रत्येक वस्तू एकट्याला उचलता येईल अशीच बांधावी. केबलची 7 किलोंची एक पिशवी करण्याऐवजी दोन करा. गाडी खाली, शक्य असल्यास जिन्याखालीच ठेवण्याची परवानगी इमारतीतल्या मंडळींकडून घ्या, म्हणजे तिचे स्वतःचे 10 किलो रोज वर-खाली करावे लागणार नाहीत. चौघांनी मिळून सामान उतरवणे हाही कार्यक्रमाचाच भाग आहे, हे तुमच्या सहकाऱ्यांना मोकळेपणाने सांगा. पेटी वाजवणाऱ्यानेच सगळे उचलायचे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि ती मोडायला हवी.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. गाडीची घडी कितीही लहान असली तरी सामान भरल्यावर मोटारीत तिच्यासाठी जागा उरली पाहिजे. घडीचे माप दुकानात विचारून ठेवा आणि घरी मोटारीत सगळे सामान लावून उरलेल्या जागेत तेवढ्या मापाचा पुठ्ठा ठेवून पाहा. रिक्षाने जाणार असाल तर दोन रिक्षा लागतीलच. गणेशोत्सवात लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता या विसर्जनाच्या मार्गांच्या आसपास वाहन दूर लावून चालत जावे लागते आणि तेव्हा ही गाडी खरी कामाला येते. मात्र त्या गर्दीत गाडी मागे ओढू नका. एकाने पुढे वाट करावी, दुसऱ्याने गाडी धरावी, तिसऱ्याने मागून सामानावर हात ठेवावा. मंडपात शिरल्यावर जमिनीवर पसरलेल्या केबलवरून गाडी नेऊ नका. ती केबल साउंडवाल्याची असते आणि आतली तार तुटलेली बाहेरून दिसत नाही.

प्रश्न : माझी मुलगी गाणे शिकते. तिच्यासाठी मिरजेहून तंबोरा आणला आहे. स्पर्धांना जाताना तो सामानाच्या घडीच्या ट्रॉलीवर पट्ट्याने बांधून न्यावा का?
– एक पालक, वारजे

उत्तर : कृपया नेऊ नका. तंबोऱ्याचा भोपळा पोकळ असतो, त्याची भिंत पातळ असते आणि तो गोल असल्याने फळीला एकाच बिंदूवर टेकतो. सगळा भार आणि प्रत्येक हादरा त्या एका जागी येतो, आणि वरून आवळलेला पट्टा त्यात भर घालतो. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे कारागिरांच्या अनेक पिढ्यांचे काम आहे. तडा गेलेला भोपळा जोडता येतो, पण तेही काम त्या कारागिरांनाच करू द्यावे.

तंबोरा जाड गवसणीत घालून एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने भोपळा धरून न्यावा, मोटारीत मागच्या आसनावर गादीसारखी जाड रजई घालून ठेवावा, आणि लांबच्या प्रवासाला तारा थोड्या सैल कराव्यात. आतून भोपळ्याच्या आकाराचा फोम असलेली कडक केस असेल, तरच गुळगुळीत फरशीवर ट्रॉलीचा विचार करावा. ट्रॉलीवर तिची बॅग, पाण्याची बाटली आणि तबला-डग्गा जरूर ठेवा. डग्गा चुंबळीवरच बसवा आणि पुडीवर, म्हणजे वरच्या चामड्यावर, काही टेकणार नाही असे पाहा.

प्रश्न : दोन पावसाळ्यांत गाडीची चाके कुरकुरू लागली. तेल घालू का?
– एक गिटारवादक, पिंपरी

उत्तर : आधी चाक उलटे करून पाहा; आसाभोवती केस, सुतळी आणि मंडपातल्या सतरंजीचे धागे गुंडाळलेले सापडतील. ते ब्लेडने कापून काढा, चिखल ओल्या कापडाने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मगच आसाला थोडे ग्रीस लावा. पातळ तेल नको, त्याला धूळ चिकटते आणि उरलेले थेंब रंगमंचावरच्या गालिच्यावर पडतात. चाक हाताने डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. ढिले लागत असेल तर बेअरिंग गेले आहे. अशी चाके रविवार पेठेत बोहरी आळीला सुटी मिळतात. जुने चाक सोबत न्या, म्हणजे आसाची जाडी जुळवून घेता येईल, आणि एक बदलायचे असेल तरी त्याच आसावरची दोन्ही बदला.