आगमनकाळातली ‘शांती’: शांतता, मनःशांती की आणखी काही?

विचारणा अशी आहे: नाताळाच्या आधीच्या आगमनकाळात दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्या लावतात, त्यांतल्या एकीला ‘शांतीची मेणबत्ती’ म्हणतात. ही शांती म्हणजे मनःशांती की युद्ध नसणे? आणि तिथे ‘शांतता’ लिहिले तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ‘शांतता’ नको. ती वाचनालयात असते, परीक्षेच्या वर्गात असते, कडाक्याचे भांडण झाल्यावर घरातही असते. बाकीच्या प्रश्नासाठी मात्र जरा खोदावे लागेल.

आपली ‘शांती’ शम् धातूची. तहान शमते, वादळ शमते, दंगल शमते, दिवा ‘शांत’ होतो. दर ठिकाणी काहीतरी चालू होते, ते थांबले. बायबलच्या जुन्या करारात जिथे मराठी भाषांतरकार ‘शांती’ लिहितात तिथे मूळ हिब्रूत बहुतेकदा ‘शालोम’ असतो, आणि त्याचे मूळ पुरे असणे, अखंड असणे या अर्थाचे. वेदी बांधायला हत्यार न लागलेले धोंडे घ्या, असे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात सांगितले आहे. त्या अखंड धोंड्यांचे विशेषण याच मुळातले. ‘निर्गम’ या पुस्तकात कायदा आहे: कुणी खड्डा उघडा टाकला आणि त्यात दुसऱ्याचा बैल पडला, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावी. ही ‘भरपाई देणे’ क्रियाही त्याच मुळाची. उणे पडलेले भरून काढले की शालोम. सगळ्यांत गंमतीचा दाखला शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात सापडतो. रणांगणावरून आलेल्या उरीया या सैनिकाला दावीद राजा सेनापतीचा, सैन्याचा आणि चक्क लढाईचा ‘शालोम’ विचारतो! इथे ‘शांती’ घालून बघा, वाक्य कोसळते. ‘खुशाली’ किंवा ‘हालहवाल’ घातले की लगेच बसते.

या मुळाचा अरबी भाऊबंद स-ल-म, आणि तो फारसीच्या वाटेने केव्हाच मराठीत आला आहे. ‘सहीसलामत’ म्हणताना किंवा ‘शिर सलामत तर पगडी पचास’ म्हणताना आपण शालोमच्या अर्थाच्या फार जवळ असतो: धड, न मोडलेले, शाबूत. म्हणून प्रार्थनेत ‘सलामती’ म्हणा असे मी सुचवणार नाही. ‘शांती’ तिथे रुळली आहे, तिला हलवण्यात अर्थ नाही. फक्त कानाने तिच्यात ‘सलामत’ही ऐकावे.

आता आगमनकाळाकडे. या दिवसांत यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचे वाचन भरपूर असते आणि ख्रिस्ती लोक येशूला लावतात ते ‘शांतीचा अधिपती’ हे बिरुद त्याच्याच नवव्या अध्यायातले. हिब्रूत ते ‘सर शालोम’. यातला ‘सर’ म्हणजे अधिकारी, नायक. सेनापतीलाही हाच शब्द लागतो. (आपल्या ‘सरदारा’शी त्याचे नाते लावू नये, तो ‘सर’ फारसी, डोक्यावरचा.) या बिरुदाच्या आधीच्याच ओळींत सैनिकांचे बूट आणि रक्ताने माखलेले कपडे सरपण म्हणून जळतात. डोळे मिटून मिळणाऱ्या मनःशांतीचे हे वर्णन नव्हे. मनःशांती या अर्थात बसते, पण एका कोपऱ्यात. युद्ध थांबणेही बसते, पण ती सुरुवात झाली. मोडलेले जोडले जाणे अजून बाकी राहते.

रोमन कॅथलिकांच्या उपासनेतल्या ठरलेल्या वाचनक्रमात आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी गाठ पडते ती येशूच्या येण्याची वर्दी देणाऱ्या, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाशी. अनेक ठिकाणी शांतीची मेणबत्ती नेमकी त्याच दिवशी लागते, आणि हा गृहस्थ रानात ओरडतो आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर तो धार्मिक पुढाऱ्यांना ‘सापाच्या पिलांनो’ म्हणतो. ‘शमणे’ या अर्थाने हे विचित्रच. ‘भरपाई’च्या अर्थाने मात्र जागच्या जागी, कारण तो लोकांना प्रभूची वाट सरळ करायला सांगतो आहे.

मेणबत्त्यांच्या नावांवर फार भिस्त ठेवू नये. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्‍रिख विखर्न या धर्मशास्त्रज्ञांनी १८३९ मध्ये गरीब मुलांसाठी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या (या प्रथेचा उगम तिथला मानतात), तेव्हा चार मोठ्या पांढऱ्या रविवारच्या आणि वीस लहान तांबड्या इतर दिवसांच्या, एवढाच हिशेब होता. आशा, शांती, आनंद, प्रीती ही नावे नंतर चिकटली, आणि क्रमही सगळीकडे एक नाही. काही परंपरांत शांती चौथ्या रविवारी येते व ती देवदूतांची मेणबत्ती मानतात.

येशूच्या जन्माच्या वेळी देवदूत गातात ते गीत लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे, आणि तिथे ग्रीक हस्तलिखितांत एका अक्षराचा फरक पडतो. ‘एउदोकिया’ वाचले तर अर्थ होतो ‘पृथ्वीवर शांती, माणसांविषयी सद्भाव’. शेवटी एक सिग्मा (ग्रीक ‘स’) असला तर ‘ज्यांच्यावर देव प्रसन्न आहे त्या माणसांत शांती’. जुन्या प्रती दुसऱ्या बाजूला झुकतात आणि आजची बहुतेक भाषांतरे तेच धरतात. शुभेच्छापत्रांवर मात्र पहिलीच ओळ जास्त दिसते. उद्धृत करायची असेल तर कोणत्या भाषांतरातली घेतली ते सोबत लिहावे.