सीईटीनंतरची आकडेमोड

प्रश्न : सर, माझी इंजिनिअरिंग प्रवेशाची एमएचटी-सीईटी (पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स गट) झाली. तेव्हापासून मैत्रिणींच्या ग्रुपवर उत्तरं जुळवणं चालू आहे. सकाळच्या शिफ्टवाल्यांना पेपर सोपा गेला म्हणे. आमचं दुपारचं गणित फार अवघड होतं. रडूच येतं. काय करू?
— बारावीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : बाळा, आधी त्या ग्रुपमधून बाहेर पड. सकाळचा पेपर वेगळा, तुझा वेगळा. मग उत्तरं जुळवायची तरी कशाशी? पर्सेंटाइल, म्हणजे किती टक्के मुलांचे मार्क तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी आहेत, हे ज्या त्या सत्रातल्या (शिफ्टमधल्या) मुलांमध्येच काढतात. तुझं गणित अवघड होतं, तर तुझ्या सत्रातल्या सगळ्यांनाच ते अवघड गेलं असणार. गणिताचे ५० प्रश्न २-२ मार्कांचे, म्हणून धास्ती जास्त वाटते, हे कळतं मला. पण चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत.

शिवाय प्रश्न आठवून लिहिताना हमखास घोळ होतो. इंटिग्रेशनमधलं वजाचं चिन्ह अधिक झालं, की अख्खं उत्तर फिरतं, आणि बरोबर सोडवलेली मुलगी रात्रभर जागी! असं दरवर्षी बघतो, जीव तुटतो.

तुझ्या लॉगिनमध्ये तुझी रिस्पॉन्स शीट (तू नोंदवलेली उत्तरं) आणि उत्तरतालिका येईल. तेव्हा एकदाच, दिवसाउजेडी, आईला शेजारी बसवून ताळा कर. एखादं उत्तर चुकीचं वाटलं, तर मुदतीत शुल्क भरून हरकत घेता येते.

तोवर कॅप राउंडची, म्हणजे प्रवेशफेरीची, कागदपत्रं बघ. डोमिसाइल, आणि लागू असेल तर नॉन-क्रीमी लेअर आणि जातवैधता. त्यांना वेळ लागतो, पहिल्या दोन्हींसाठी उद्याच तहसील कार्यालयात चौकशी कर आणि जातवैधतेसाठी जात पडताळणी समितीकडे.